बाबांचा हात, दादाचा पाय आणि ‘घराण्यातलं रक्त’

सुरंगी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले. बाबा मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. ६८व्या वर्षी त्यांना पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. पहिला संशय आला तो देवस्थानच्या इतिवृत्ताच्या वहीवरून. बाबांचं अक्षर म्हणजे फळ्यावरचा कित्ता, आणि त्या वहीत दोन वर्षांत ते मुंगीएवढं बारीक होत गेलेलं. मग उजवा हात मांडीवर ठेवला की माळेचा मणी ओढत असल्यासारखी बोटं आपोआप हलायला लागली.

घरातला दुसरा पेशंट म्हणजे माझा आतेभाऊ, आमचा दादा. वय ३९. त्याचं दुखणं ३४व्या वर्षी सुरू झालं तेही पायापासून. थोडं चाललं की डावं पाऊल आत वळायचं. आधी लचक म्हणाले, मग नस, मग ‘टेन्शन घेतोस’. यात तीन वर्षं गेली. आता गोळ्यांवर बराच सुधारलाय, पण निदान तेच, पार्किन्सन्स.

एका घरात दोघं म्हटल्यावर गावात व्हायचं ते झालं. ‘त्यांच्या रक्तातच आहे.’ त्यात धाकट्या भावाचं लग्न ठरतंय. चवथीच्या दुसऱ्या दिवशी मध्यस्थ पातोळ्या खाता खाता म्हणाले, “मुलीकडचे विचारत होते, मुलाची ती जीनची टेस्ट करून घ्याल का?” आई आत निघून गेली. बाबा तसेच बसून राहिले, हात तेवढा हलत होता.

भाऊ म्हणतो, लाळेचा घरपोच संच मागवू, कागद दाखवू, विषय संपला. मला ते पटत नाही, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही. ही टेस्ट नक्की काय बघते? ‘नाही’ आलं तर खरंच नाही का? आणि बाबांचं आणि दादाचं एकच आहे का?

तांबडीमाती

४५० वर्षं पाव दिला, मिरची दिली, हेही दिलं असेल पोर्तुगीजांनीच. 😄

पिंपळपार

@तांबडीमाती, विषय काय, बोलतो काय!

सुरंगीताई, माझ्या सासऱ्यांना ११ वर्षं आहे. घरात मागेपुढे कुणालाच नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बहुतेकांचं असंच असतं. सोयरिकीसाठी टेस्ट मागणारे उद्या बीपी-शुगरचाही कागद मागतील.

म्हादई

सुरंगीताई, मी मूळची वाळपईची, सध्या हैदराबादेत जनुकांच्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. तीन गोष्टी विचारायच्या आहेत, विचित्र वाटतील. बाबांना आणि दादाला वास नीट येतो का? झोपेत कुणी ओरडतं, हातपाय मारतं का? आणि आतेचे यजमान नात्यातलेच का?

सुरंगी

@म्हादई, तुम्ही आमच्या घरात येऊन गेलात की काय!

बाबांना निदानाच्या पाच-सहा वर्षं आधीपासून वास येत नाही. आई चुलीवर सुके बांगडे भाजायची, अख्ख्या वाड्याला कळायचं, आणि बाबा विचारायचे, “आज काय केलंय?” आम्ही हसायचो. झोपेचं तर विचारूच नका. तरुणपणी काल्याच्या नाटकांत ते ऐतिहासिक भूमिका करायचे. साठीनंतर झोपेत संवाद सुरू झाले. एकदा तलवार उगारली ती टेबलावरच्या दिव्याला लागली.

दादाचं उलट. नाक इतकं तिखट की गॅस सुटला तर आधी त्याला कळतो. झोप शांत.

आणि हो, नात्यातलेच. आतेचे यजमान तिचे सख्खे आतेभाऊ. काकांनी मामाची मुलगी केली. भाट (बागायत) घरातच राहिलं म्हणून तेव्हा कौतुकच झालं होतं म्हणे.

म्हादई

मग लिहितेच सविस्तर. रविवार आहे, चहा ठेवलाय.

माझा अंदाज असा (निदान नव्हे!) की तुमच्या घरात एक आजार दोघांना झालेला नाही. एकाच नावाचे दोन वेगळे आजार आहेत.

आधी थोडा इतिहास. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सनने या ‘थरथरत्या लकव्या’वर निबंध लिहिला. त्यानंतर पावणेदोनशे वर्षं बहुतेकांना वाटायचं की याचा आनुवंशिकतेशी फारसा संबंध नाही. १९९९ साली अमेरिकेत कॅरोलिन टॅनर यांनी दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या जुळ्या भावांचा मोठा अभ्यास छापला. पन्नाशीनंतर सुरू झालेल्या आजारात एकसारख्या जुळ्यांत आणि साध्या जुळ्यांत फारसा फरक दिसला नाही. पण पन्नाशीच्या आत सुरू झाला असेल तर एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही होण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. हा वयाचा धागा लक्षात ठेवा, दादाच्या बाबतीत तोच कामाला येणार आहे.

त्याच्या दोनच वर्षं आधी बॉम्ब पडला होता. न्यू जर्सीतले डॉक्टर लॉरेन्स गोल्बे आणि त्यांचे सहकारी पार्किन्सन्सची कुटुंबं तपासत होते. दोन वेगवेगळ्या कुटुंबांचं मूळगाव एकच निघालं, दक्षिण इटलीतलं कोंतुर्सी. वंशावळ मागे नेत नेली तसं दोन्हींचं मूळ एकच लागलं. १९९७ साली त्या घराण्यात, आणि तीन ग्रीक कुटुंबांतही, एसएनसीए या जनुकातला एका अक्षराचा बदल सापडला. हे जनुक अल्फा-सिन्युक्लीन नावाचं प्रथिन बनवतं. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की मेंदूच्या पेशींत १९१२ साली लेवी नावाच्या डॉक्टरने पाहिलेले गोळे याच प्रथिनाचे असतात. म्हणजे अगदी दुर्मिळ घराण्यातला धागा ओढला आणि साध्या, घरात कुणालाच नसलेल्या पेशंटच्या मेंदूपर्यंत पोचला.

२००३मधली गोष्ट मला त्याहून आवडते. अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका कुटुंबात या जनुकात चूक काहीच नव्हती. फक्त एका गुणसूत्रावर त्याच्या एकाऐवजी तीन प्रती होत्या. आपल्याकडे आईची एक, वडिलांची एक अशा दोन असतात, यांच्याकडे चार झाल्या. प्रथिन अगदी शुद्ध, पण दुप्पट. तेवढ्याने लोक ऐन तारुण्यात आजारी पडले. हुमणात मीठ तेच, पण मूठभर पडलं तर?

आता दादाकडे येते. १९९८ साली जपानमध्ये ‘पार्किन’ हे जनुक सापडलं, तरुण वयात आजारी पडणाऱ्यांच्या कुटुंबांत. पुढे २००४ साली पिंक-१ सापडलं. दोघांचं काम मिळून चालतं. पेशीतलं ऊर्जाकेंद्र, म्हणजे मायटोकाँड्रिया, बिघडलं की पिंक-१ त्याच्यावर चिकटून बसतं आणि पार्किनला बोलावतं. पार्किन त्यावर ‘उचला’ अशी खूण करतं, मग पेशी ते मोडीत काढते. पंचायतीची कचऱ्याची गाडी महिनाभर आली नाही तर दारात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

पार्किनच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच हा आजार होतो. एक बिघडलेली असेल तर दुसरी काम निभावते. आईवडील एकाच आजोबा-पणजोबांचे वंशज असतील तर तीच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. म्हणून विचारलं काकांचं. आणि नाक का विचारलं? पार्किनवाल्यांचं वासाचं ज्ञान बहुधा शाबूत राहतं, मेंदूत ते लेवीचे गोळेही अनेकदा नसतात. पाऊल वळणं, चढत्या दिवसाबरोबर त्रास वाढणं, आजार हळू सरकणं, थोड्या लेव्होडोपावर (पार्किन्सन्सचं नेहमीचं औषध) चांगला फरक पडणं, हे सगळं त्या चित्रात बसतं. बाबांचं वासाचं आणि झोपेतल्या तलवारीचं चित्र मात्र नेहमीच्या, उतारवयातल्या पार्किन्सन्सचं.

नाटकवेडा

झोपेतली तलवार हे लक्षण असतं हे आज कळलं. आमच्या मंडळात निम्मे लोक पेशंट ठरतील. 🙏 (गंमत करतोय. माहिती जबरदस्त.)

तांबडीमाती

आता गंभीर प्रश्न. ते पोर्तुगीजांचं मी चेष्टेत म्हटलं होतं, पण एखादा दोष एखाद्या समाजात जास्त असं असतं का?

म्हादई

असतं! उत्तम उदाहरण एलआरआरके-२ हे जनुक. २००४ साली दोन गटांना ते एकाच वेळी सापडलं. त्यातल्या एका गटाकडे स्पेनच्या बास्क प्रांतातली कुटुंबं होती. बास्क भाषेत थरथरीला ‘दर्दरा’ म्हणतात, म्हणून त्या प्रथिनाला नाव दिलं दर्दरिन. मराठीतच ठेवल्यासारखं वाटतं की नाही?

या जनुकातला जी२०१९एस नावाचा बदल उत्तर आफ्रिकेतल्या अरब-बर्बर पेशंटांत जवळपास ४० टक्के जणांत सापडतो. पूर्व युरोपीय मुळाच्या ज्यूंमध्येही बराच, पोर्तुगाल-स्पेनमध्येही आहे. गुगलच्या सर्गेई ब्रिनने २००८ साली आपल्यात तो असल्याचं स्वतः जाहीर केलं होतं. आणि भारतीय पेशंटांत तो शोधायला गेलं तर जवळजवळ सापडतच नाही. तेव्हा पाव त्यांचा, हे नाही.

सुरंगीताई, तुमच्या भावाच्या लाळेच्या संचाचं उत्तर इथेच आहे. परदेशातले तसले संच ठरावीक बदल बघतात, तेही युरोपीय आणि ज्यू लोकांत सापडणारे. आपल्या रक्तात ते मुळातच विरळ. कागदावर ‘दोष नाही’ येईल आणि त्याचा अर्थ काहीच नसेल. पार्किनमध्ये तर अक्षर चुकण्यापेक्षा तुकडाच्या तुकडा गायब असणं नेहमीचं. ते नुसत्या अक्षरवाचनात निसटू शकतं, त्यासाठी एमएलपीएसारखी मोजणीची वेगळी तपासणी सांगावी लागते.

कुळागर

माझं थोडं वेगळं मत. सगळं जनुकांवर ढकललं की औषध फवारणारे मोकळे. आमच्या भागात काजूच्या बागेत हल्ली कोयता कुणी घेत नाही, पाठीला पंप. पॅराक्वाट हे तणनाशक युरोपीय संघात २००७पासून बंद, इथे दुकानात मिळतं. मी स्वतः १० वर्षं हातमोज्यांशिवाय मारलंय.

आणि आयुर्वेदात कंपवात आहेच, खाजकुयलीच्या बियाही आहेत. आपल्याकडे आधीपासून माहीत असलेलं कुणी वाचत नाही.

डिचोलीचा_जुना_डॉक्टर

कुळागर, फवारणीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. १९८२-८३मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीच्या नशेच्या औषधातून एमपीटीपी नावाचं द्रव्य शरीरात गेलेली तरुण मुलं एका रात्रीत लाकडासारखी झाली होती. रसायनाने पार्किन्सन्ससारखा आजार होऊ शकतो हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसलं. मास्क-हातमोजे घाला, एवढं ऐका.

खाजकुयलीबद्दल. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनीच त्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं होतं. तेव्हा ‘कुणी वाचत नाही’ हे खरं नाही. पण गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असतं, ते औषध मेंदूत पोचेपर्यंत वाटेत वाया जाऊ देत नाही. बियांच्या चूर्णात किती मात्रा आली ते पुडीगणिक बदलतं. गोळी चालू असताना वर चूर्ण घेऊन गरगरून पडलेले पेशंट मी पाहिलेत. घ्यायचं तर दोन्ही डॉक्टरांना सांगून घ्या, लपवून नको.

कुळागर

मान्य. पंपाचं मुलाला सांगितलंय.

आबोली

मी वडिलांना सांभाळते. एकच विचारायचंय. घरात कुणालाच नसेल तर मग जनुकांचा संबंध शून्य का?

म्हादई

शून्य नाही. चवथीची माटोळी आठवा, गणपतीच्या वर फळं बांधून टांगतो ती. नारळांची अख्खी पेंड एका टोकाला बांधली तर दांडी तेवढ्यानेच वाकते. ते झालं एसएनसीए, किंवा पार्किनच्या दोन्ही प्रती. असे एकाच जनुकाने ठरणारे पेशंट थोडे, शंभरात पाच-दहा. बाकीच्यांच्या दांडीला आंबाडे, तोरिंजन, सुपारीची शिपटी, रानातली काय काय फळं. एकेकाचं वजन नगण्य, पण सगळी मिळून दांडी वाकवतात. शिवाय दांडी किती जुनी आणि पाऊस किती लागला हेही आहेच. २०१९ साली एका प्रचंड अभ्यासात, ३७ हजारांहून जास्त पेशंट घेऊन, अशी ९० ठिकाणं जनुकसंचात दाखवली गेली. तरी आनुवंशिक वाट्यातला १६ ते ३६ टक्के भागच त्यातून उलगडतो. आणि ते बहुतेक सगळे पेशंट युरोपीय वंशाचे.

ही माझी नेहमीची कुरकुर आहे. २०२३ साली आफ्रिकी वंशाच्या लोकांचा अभ्यास झाला तेव्हा जीबीए-१ या जनुकात असा एक बदल सापडला जो युरोपीयांत जवळपास नाहीच. इतकी वर्षं तो दिसला नव्हता, कारण तिथे कुणी पाहिलंच नव्हतं. आपल्याकडे तर जातीजातीत, गावागावात लग्नं. आपल्या देवळांचे महाजन मंगळूर-कोचीपर्यंत पसरलेले आणि अजून कुळदेवाच्या दर्शनाला इकडे येणारे. जनुकांचा अभ्यास करणाऱ्याला यापेक्षा चांगली वंशावळ कुठे मिळणार! आता भारतात कामं सुरू आहेत. ‘गॅप-इंडिया’ नावाने देशातली बरीच केंद्रं एकत्र आलीत, आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेसह लक्झेंबर्ग-जर्मनीबरोबरचा ‘लक्स-जायंट’ आहे.

पिंपळपार

जीबीए म्हणजे ते खोकल्याच्या औषधवालं ना? व्हॉट्सॲपवर फिरत होतं, की खोकल्याच्या गोळीने पार्किन्सन्स जातो.

डिचोलीचा_जुना_डॉक्टर

जात नाही! जीबीए-१च्या दोन्ही प्रती बिघडल्या तर गौशे नावाचा आजार होतो. एक बिघडली तर पार्किन्सन्सची शक्यता वाढते, हे २००९च्या मोठ्या अभ्यासात पक्कं झालं. ॲम्ब्रोक्सॉल हे खोकल्याचं औषध त्या जनुकाच्या एन्झाइमला मदत करतं, म्हणून त्याच्यावर चाचण्या चालू आहेत. २०२०च्या लंडनच्या छोट्या चाचणीत रोजचा डोस १,२६० मिलिग्रॅम होता. आपली गोळी ३० मिलिग्रॅमची. म्हणजे दिवसाला ४२ गोळ्या. कुणी घरी करून बघू नका, कृपा करून.

सुरंगी

तुम्हा सगळ्यांचं वाचून काढलं, आईलाही वाचून दाखवलं. भावाचं काय करू?

म्हादई

सुरुवात भावापासून करूच नका. आधी ज्याला आजार आहे त्याची तपासणी, म्हणजे दादाची, समुपदेशकाबरोबर बसून. त्याच्यात काही सापडलं तरच भावात काय शोधायचं ते कळेल. समजा दादाला पार्किनच निघालं. मग आतेकडे एक प्रत नक्की, बाबांकडे असण्याची शक्यता निम्मी, भावाकडे पाव. आणि असली तरी एकच. त्यामुळे भावाला दादासारखा आजार होण्याची भीती नाही, आणि मुलांचा प्रश्न बायकोकडेही तशीच प्रत असेल तरच. दादाची सख्खी भावंडं मात्र वेगळी, त्यांना प्रत्येकी चारात एक शक्यता.

सुरंगी

*(साडेचार महिन्यांनंतर)*

धागा वर काढतेय, माफ करा. पुष्कळांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं होतं.

दादाला घेऊन बेंगळुरूला गेलो. म्हादईचा अंदाज बरोबर. पार्किन, दोन्ही प्रतींत एकच तुकडा गायब. साध्या तपासणीत काही आलं नव्हतं, आम्ही ‘एमएलपीए करा’ म्हटल्यावर तिथले डॉक्टर चष्म्यावरून बघायला लागले. समुपदेशक बाईंना वंशावळ हवी होती. काकांनी पोर्तुगीज पासपोर्टसाठी जमवलेली जुन्या नोंदणीच्या दाखल्यांची फाईल होती. पासपोर्ट झालाच नाही, फाईल इथे उपयोगी पडली. पाच पिढ्या! बाई म्हणाल्या, अशी तयार वंशावळ घेऊन कुणी येत नाही.

वाईट एकच झालं. आते गाडीत इतकंच म्हणाली, “म्हणजे माझ्याकडनं.” बाईंनी तिला तीनदा समजावलं होतं, अर्धं काकांकडून आलंय आणि दोघांना ते दादाच्या त्याच पणजोबा-पणजीकडून. तिने ऐकलं, पण लोंढा येईपर्यंत बोलली नाही. दादाच डबा उघडून तिच्यापुढे करत राहिला. त्याच्या धाकट्या बहिणीने तपासणी नको म्हटलंय. तिला तब्येतीची तक्रार नाही, आम्हीही पुन्हा विषय काढला नाही.

बाबांना तपासणी सुचवलीच नव्हती. तेच म्हणाले, “माझं उत्तर मला नको. संशोधनाला रक्त हवं असेल तर घ्या.” संमतीपत्रक स्वतः पूर्ण वाचलं, एका वाक्यातली शुद्धलेखनाची चूक दाखवली (शिक्षक!), आणि सही केली. सहीसाठी हा एवढा चौकोन, बाबांची सही त्याच्या एका कोपऱ्यात मावली.

भावाने टेस्ट केली नाही. तो मुलीला स्वतः भेटला, सगळं सांगितलं. तिने विचारलं की दादाच्या बहिणीला कसं सांगितलं, आणि बाबांच्या गोळ्यांच्या वेळा घरात कोण बघतं. मध्यस्थांना नंतर कळलं. साखरपुडा मे महिन्यात.

आता नवीन तक्रार. दुपारच्या गोळीचा गुणच येत नाही. बाबा ती जेवताना घेतात, म्हणजे शीत-हुमण आणि तळलेला बांगडा यांच्या मध्ये. काय करावं?

डिचोलीचा_जुना_डॉक्टर

अभिनंदन! माशातलं प्रथिन आणि गोळी आतड्यात एकाच दारातून आत शिरतात, मासा जिंकतो. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, पाण्याबरोबर. मळमळ झाली तर एखादं बिस्कीट चालेल. तुमच्या डॉक्टरांना कानावर घाला.

सुरंगी

बाबा विचारतायत, बांगडा रात्री चालेल का.

डिचोलीचा_जुना_डॉक्टर

चालेल. तेव्हाही गोळी आधी.